बिनरंगाची जिलेबी

माझ्या सासरी देवाच्या खालोखाल मान आहे तो केशरी रंगाला. कंधारला आमचं मिठाईचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. जिलेबी, बुंदी, शेव, आणि पाडव्याच्या आधी साखरेच्या गाठी. जिलेबी इतकी केशरी की एसटीतून उतरलेल्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून दिसावी. सासऱ्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणतो. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते सकाळी कढईसमोर बसतात आणि जिलेबीच्या पिठात रंगाची चिमूट सोडतात. ती चिमूट केवढी असते हे त्यांनाही माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "हाताला कळतंय." हाताला कळत असणारच, कारण त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं बारा महिने केशरी असतात. लग्नात मला आशीर्वाद दिला तेव्हा ती माझ्या साडीच्या खांद्यावर उमटली, आणि सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं की सून दुकानाला लाभणार.

मी लातूरची. आमच्या लातूरला माणूस भेटला की आधी टक्के विचारतात, मग नाव. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलेली. लग्न ठरलं तेव्हा आईला याचंच वाईट वाटत होतं की एवढी केमिस्ट्री शिकून पोरगी जिलेबीवाल्याच्या घरी चालली. मी म्हटलं, तिथंही केमिस्ट्रीच आहे. तेव्हा मी ते गमतीनं म्हटलं होतं.

आम्हाला एकच मुलगी, आठ वर्षांची. तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात, पण भिंगरी निदान एका जागी फिरते. ही पहिला घास ताटावर खाते, दुसरा ओट्यापाशी आणि तिसरा शेजाऱ्यांच्या पायरीवर. दात घासायला पाठवली तर ब्रश तोंडात धरून गच्चीवर सापडते. वहीत 'पाऊ' एवढंच लिहिलेलं असतं, कारण 'स' लिहिण्याच्या आधी खिडकीबाहेर काहीतरी झालेलं असतं. डाव्या पायाच्या चपला आमच्या घरात भरपूर आहेत, उजव्या पायाच्या गावात कुठं कुठं आहेत. पण कोणाच्या म्हशीला पारडू झालं आणि कोणत्या आजोबांचा चष्मा फुटला हे गल्लीत सगळ्यात आधी तिलाच कळतं, आणि त्या आजोबांना हाताला धरून दवाखान्यापर्यंत पोचवतेही तीच. मला ती फार आवडते. हे इथंच सांगून टाकते, कारण पुढं मी बरीच वैतागलेली दिसणार आहे.

वैताग सुरू झाला शाळेतून. एकदा मी डबा द्यायला गेले तर ही वर्गाच्या दाराबाहेर बस्करावर बसलेली. मला वाटलं आजची शिक्षा असेल. हात हलवून ती म्हणाली, "आई, ही माझी जागा हाय." बाईंना विचारलं तर त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तिला बाहेर बसवलं की बाकीच्यांचा अभ्यास होतो, आणि तिलाबी मोकळं वाटतं." पावसाळ्यापासून ती तिथंच बसत होती. तिनं घरी सांगितलं नव्हतं, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तिला वाटत होतं, वर्गात काही मुलं आत बसतात आणि काही बाहेर. वर बाई हेही म्हणाल्या की पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघितलेली बरी. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पोरीचा पहिला नंबर नको होता, एवढंच हवं होतं की ती इतर लेकरांसारखी वर्गाच्या आत बसावी.

म्हणून मी नवऱ्याला जवळजवळ ओढत नांदेडला नेलं. तिथं मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी पोरीशी खेळता खेळता बोलणं काढलं, आम्हाला खोदून खोदून विचारलं, शाळेत फोन लावला, आणि दुसऱ्या खेपेला सांगितलं की हिला एडीएचडी आहे. "लक्ष एका जागी धरून ठेवणं आणि अंग आवरणं या मुलांच्या मेंदूला जड जातं," त्या म्हणाल्या. "हा वांडपणा नाही, आणि तुमच्या लाडानंही झालेलं नाही." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्यासमोरच रडायला लागले. नवरा मात्र मिठाईवाला माणूस. त्यानं विचारलं, "मॅडम, हे काय खाल्ल्यानं होतं?"

डॉक्टर म्हणाल्या, "खाल्ल्यानं होत नाही. काही मुलांचा चळवळेपणा कृत्रिम रंगांनी थोडा वाढतो, सगळ्यांचा नाही. घरी बंद करून बघायचं तर बघा, हरकत काहीच नाही. पण ते कारण नव्हे. शाळेशी बोलावं लागेल, घरी तिच्याशी कसं वागायचं ते तुम्हाला शिकावं लागेल, आणि गरज वाटली तर गोळीही आहे. पुन्हा या, तेव्हा ठरवू."

आम्ही कंधारच्या गाडीत बसलो. सोनखेड येईपर्यंत नवऱ्याच्या डोक्यातून 'काही मुलांचा' गळून पडलं होतं. लोहा येईपर्यंत 'थोडा' गेला. कंधारच्या स्टँडवर उतरलो तेव्हा डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातला एक शब्द शिल्लक होता, आणि घराची पायरी चढता चढता त्यानं तो जाहीर केला, "रंग! रंगानं होऊन राहिलंय सगळं!"

मी गोळीचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "डोक्याची गोळी? पोरीच्या जातीला? उद्या सोयरीक आली तर काय सांगावं?"

"आत्या, तिचे दुधाचे दात पडून राहिलेत अजून," मी म्हटलं. "सोयरीक कुठून काढली तुम्ही?"

"दात पडतेत अन् येतेत. नाव एकदा पडलं का पडलं."

त्यामानानं रंग घरच्यांना फार सोयीचा पडला. तो डोळ्यांना दिसतो, उचलून फेकता येतो, आणि सोयरिकीच्या आड येत नाही. आमच्या घराला इतका आवडता शत्रू पूर्वी कधी मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी घरातला खाऊचा डबा अंगणात पालथा केला. गुलाबी क्रीमची बिस्किटं, टुटीफ्रुटी, बोटांत घालून खायच्या पिवळ्या नळ्या, जीभ निळी करणाऱ्या गोळ्या. पंचांग वाचायचं भिंग घेऊन ते पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचायला लागले, आणि ज्यावर रंगाचे आकडे दिसतील ते बाजूला टाकायला लागले. जन्मभर पिठात चिमूट सोडलेला माणूस एका बिस्किटाच्या पुड्याकडं बघून म्हणत होता, "काय मानसं हायेत! लेकराच्या पोटात हे घालतेत?"

मी विचारलं, "अप्पा, आणि दुकानात?"

"दुकानाचं काय?"

"तिथं पण लेकरंच येतात."

"ती आपली हायेत काय?" असं बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण भिंग पुसत म्हणाले, "गिऱ्हाईक रंग बगून घेतंय, पोरी. बिनरंगाच्या मालाला कुत्रं हुंगत न्हाई." मी यावर बरंच बोलले. ते इथं लिहीत नाही, कारण त्याचा काही उपयोग झाला नाही.

पोरगी मात्र या मोहिमेत पहिल्या दिवसापासून मनापासून उतरली. तिला कोणी तरी महत्त्वाचं काम दिलं होतं. ती सगळ्यांना सांगत सुटली, "मी रंग सोडलाय." शाळेत वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं तरी घ्यायची नाही. यात्रेत रंगीत बर्फाचा गोळा बघून तिनं डोळे गच्च मिटले आणि पाळण्यापर्यंत मला धरून आंधळ्यासारखी चालत आली. एवढ्यावर थांबली असती तर ठीक होतं. एका संध्याकाळी ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून गिऱ्हाइकांना सांगत होती, "काका, ह्याच्यात रंग हाय, नका घेऊ. तुमचं पोरगं माझ्यासारखं होईल." नवऱ्यानं तिला उचलून घरी आणून सोडलं आणि तिचं संध्याकाळचं दुकानात जाणं बंद केलं. मला आधी हसू आलं, आणि मग 'माझ्यासारखं' हा शब्द डोक्यात राहिला तो राहिलाच.

इतकं सगळं करून शाळेत फरक शून्य. बस्कर बाहेरच. नवरा म्हणायचा, "अंगातला रंग निघायला टाइम लागतो." कपड्यातला रंग निघायलासुद्धा इतका वेळ लागत नाही, असं मी म्हटलं, तर तो म्हणाला तू फार शिकलेली आहेस.

मग एका सकाळी पोरगी डबा विसरून शाळेला निघाली, म्हणून मी मागोमाग गेले. रस्ता दुकानावरूनच जातो. बघते तर ही दप्तरासकट मागच्या दारानं आत शिरली आणि कढईशेजारी अप्पांपुढं हात पसरून उभी राहिली. आता आमच्या दुकानाची एक रीत आहे, इतकी रोजची की माझ्याही ध्यानात राहिली नव्हती. सकाळच्या पहिल्या घाण्यातली पहिली जिलेबी महादेवाच्या फोटोपुढं ठेवायची आणि दुसरी घरच्या लेकीच्या हातावर. लेक म्हणजे लक्ष्मी. तिनं तोंड गोड केल्याशिवाय विक्री सुरू करायची नाही. पूर्वी हा मान माझ्या नणंदेचा होता, ती सासरी गेली तसा माझ्या पोरीकडं आला. अप्पांनी झाऱ्यावरून पाकात निथळलेली, डोळे दिपतील अशी केशरी जिलेबी उचलली, फुंकर घातली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं ती डोळे मिटून, प्रसादासारखी खाल्ली.

"अप्पा! हे काय?"

अप्पा दचकले. "काय?"

"जिलेबी दिली तुम्ही तिला!"

"ही जिलेबी न्हाई," अप्पा म्हणाले. अगदी शांतपणे, मला समजावून सांगावं तसं. "हा पहिला घाणा हाय."

मी पोरीकडं वळले. तिच्या ओठांना पाक लागलेला. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचं काहीही नव्हतं. "आई, हे देवाचं हाय," ती म्हणाली. "ह्याला खाल्लं म्हणत न्हाईत." ती खोटं बोलत नव्हती. दुकानात कोणीच खोटं बोलत नव्हतं, हेच तर अवघड होतं. पाकिटांवरची अक्षरं भिंगातून वाचणारा माणूस रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला रंग भरवत होता, आणि त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं की आपण तिला काही खायला घालतोय.

त्या दिवशी घरात मी सगळ्यांची झडती घेतली. सासूबाईंनी कबूल केलं की दर सोमवारी महादेवाच्या देवळातून येताना त्या बुंदीचा प्रसाद आणतात. बुंदी आमच्याच दुकानातून जाते, देवळातून फिरून परत येते. "पण प्रसादाला रंग लागत न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, तो आपणच टाकतो!"

"टाकतो तवा टाकतो. देवापुढं ठिवल्यावर तो रंग राहतो काय?"

माझ्या सगळ्या केमिस्ट्रीत याचं उत्तर नव्हतं. नवरा म्हणाला की त्यानं काहीच दिलं नाही, फक्त पाहुण्यांनी हातावर ठेवलेला खाऊ परत करायचा नसतो म्हणून तेवढा घेऊ दिला. आणि आमच्या घरी पाहुणे नाहीत असा वार नाही. म्हणजे एवढे दिवस पोरगी यात्रेतल्या बर्फाच्या गोळ्यापुढं डोळे मिटून चालत होती आणि घरचे तिला धर्मानं, मानानं आणि प्रेमानं रंग चारत होते.

मी सांगून टाकलं की पहिला घाणा यापुढं बिनरंगाचा निघेल, नाहीतर लक्ष्मी दुकानात येणार नाही. अप्पा दोन दिवस जेवले नीट, पण बोलले नाहीत. पांढरी जिलेबी म्हणजे सुतकातली, असं त्यांनी सासूबाईंमार्फत कळवलं. मग तिसऱ्या सकाळी त्यांनी पिठाचं वेगळं भांडं घेतलं, रंगाची डबी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि शेवटी पाटाखाली सरकवून दिली. जी जिलेबी निघाली ती फिकट, पिवळट, तापातून उठलेल्या माणसासारखी. ती महादेवापुढं ठेवताना अप्पा पुटपुटले, "माफ कर बाबा." पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, आज जिलेबी आजारी हाय का काय?" अप्पांनी ती पेपराखाली झाकली. पण पोरीला त्यांनी फुंकर घालून, तितक्याच मानानं दिली. त्या माणसावर मी कितीही चिडले तरी त्या फुंकरीपुढं माझं काही चालत नाही.

आता खरी परीक्षा सुरू झाली. प्रसादाला खडीसाखर, पाहुण्यांना दारातच सूचना. बरेच आठवडे तिच्या पोटात खरोखर रंग गेला नाही. फरक पडला का? पडला असेल थोडा. संध्याकाळची आदळआपट कमी वाटायची, झोपही जरा लवकर यायची. की मला तसं वाटावं असं वाटत होतं म्हणून वाटायचं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण 'पाऊ' पुढचा 'स' काही लिहिला जात नव्हता. चपला हरवत होत्या. बस्कर दाराबाहेरच होतं. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, पण त्या खोलीत ते माझ्याखेरीज कोणी ऐकलंच नव्हतं.

मी म्हटलं, आता नांदेडला परत जाऊ. नवरा म्हणाला, "साखर राहिली की बंद करायची." मिठाईवाल्याच्या घरात साखर बंद झाली. मग कोणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ आला की दह्यानं होतं. दही बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, शेंगदाण्याची उष्णता डोक्यात चढते. शेंगदाणे बंद. नवऱ्याच्या मित्रानं गव्हावर संशय घेतला. दर वेळी मी नांदेडचं नाव काढलं की उत्तर तयार, "एवढं एक बगू, मग जाऊ." त्यांची माया खोटी नव्हती. डॉक्टरकडं जाणं म्हणजे पोरीत काहीतरी आहे हे मान्य करणं, आणि दही बंद करणं म्हणजे दह्यात काहीतरी आहे. माझ्या पोरीच्या ताटात शेवटी ज्वारीची भाकरी, वरण आणि सल्ले एवढंच उरलं. तिनं एकदाही हट्ट केला नाही. प्रत्येक वेळी विचारायची, "हे सोडलं का मग मी शांत होईन?" आणि घरातलं कोणी तरी उत्साहानं हो म्हणायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाला लातूरला माझ्या भावाच्या बाळाचं बारसं होतं. लग्नसराई असल्यानं नवरा दुकान सोडून येणार नव्हता, मी आणि पोरगीच गेलो. हॉलमध्ये शिरल्यापासून तिची कसोटी. एका टेबलावर गुलाबजाम, तिरंगी बर्फी, लाल सरबत. ती टेबलासमोरून दोन्ही हात पाठीमागं बांधून गेली. कोणी बर्फी पुढं केली की म्हणायची, "मी सोडलंय." बायका कौतुक करत होत्या, किती गुणी पोरगी, किती समज आहे. माझी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, वाळली कशी ही?" 

पाळण्याभोवती फुग्यांची मोठी कमान केली होती. बायका पाळणा म्हणायला लागल्या आणि पोरीला बाळ बघायचं होतं. पुढं साड्यांची भिंत. ती एका बाजूनं घुसली, चवड्यांवर उभी राहिली, तोल गेला आणि तिनं हाताला लागलं ते धरलं. ती कमान होती. सगळी कमान पाळणा म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर आली, फुगे फटाफट फुटले, बाळ किंचाळून रडायला लागलं. कोणाला काही लागलं नाही. नंतर सगळे हसलेसुद्धा. पण त्या क्षणी माझी मावशी मोठ्यांदा म्हणाली, "आज काय खाऊ घातलंस गं हिला?"

सगळ्यांच्या नजरा पोरीच्या हातांकडं गेल्या, मग तोंडाकडं. तिला ते कळलं. फुटक्या फुग्यांच्या मधोमध उभी राहून तिनं तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. डावीकडं दाखवली, उजवीकडं दाखवली. जिभेवर काही रंग नव्हता.

"मी कायबी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "रंग न्हाई, साखर न्हाई, दही न्हाई, चपातीबी न्हाई." मग ती माझ्याकडं वळली. रडत नव्हती, खरंच विचारत होती. "आई, समदं सोडलं की मी. आता आजून काय सोडू?"

मला त्याआधी कोणी असा प्रश्न विचारला नव्हता आणि पुन्हा कोणी विचारू नये. मला लाज वाटली, राग आला, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. तिच्याजवळ सोडण्यासारखं आता फक्त तिचं बोलणं, हसणं आणि पळणं उरलं होतं, आणि आम्ही हो म्हटलं असतं तर तिनं तेही सोडून दिलं असतं. मी तिला उचललं, आठ वर्षांच्या उंच झालेल्या पोरीला, आणि गुलाबजामच्या टेबलापाशी नेऊन एक गुलाबजाम तिच्या तोंडात घातला. तिनं तो आधी गालात धरून ठेवला, माझ्या तोंडाकडं बघत, गिळू का नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी लातूरहून नांदेडच्या गाडीत बसलो. आम्ही नेहमी लोह्याला उतरतो आणि तिथून कंधारची गाडी धरतो. लोहा आलं, लोक उतरले, मी बसून राहिले. पोरगी खिडकीतून बघत म्हणाली, "आई, आपलं उतरायचं गेलं." मी कंडक्टरकडून पुढचं तिकीट घेतलं आणि नवऱ्याला फोन लावला. तो आधी चिडला. मी बारशातलं सांगितलं. जिभेचं सांगितलं.  मग तो म्हणाला, "अप्पाला काय सांगू?"

"सांगा, पोरगी आहे तशी आहे, आणि मी तिला डॉक्टरकडं घेऊन चालले."

"स्टँडवर थांब," तो म्हणाला. "मी येऊन राहिलो."

भर लग्नसराईत दुकान सोडून तो आला, कोपरापर्यंत पीठ लागलेला. दवाखान्यात आमचा नंबर नव्हता, सगळ्यात शेवटी बसवलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. काय काय बंद केलं हे नवरा सांगत गेला आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली खाली येत गेला. डॉक्टर आम्हाला रागावल्या नाहीत. शाळेला त्या स्वतः पत्र देणार होत्या, तिला पुढच्या बाकावर, बाईंच्या जवळ, आत बसवायचं म्हणून. घरी एका वेळी एकच काम कसं सांगायचं ते आम्हाला शिकवणार होत्या. आणि एक छोटी गोळी, थोड्या मात्रेपासून, वजन आणि भूक तपासत. नवऱ्यानं यावेळी काय खाल्ल्यानं होतं असं विचारलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, परत एकदा सांगा. मागच्या टायमाला मी ऐकलं न्हाई."

पोरगी एवढा वेळ खोलीतल्या सगळ्या वस्तूंना हात लावून झाली होती. 'गोळी' ऐकून ती टेबलापाशी आली.

"ही गोळी घेतल्यावर काय काय सोडायचं?" तिनं विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उलट पोटभर जेवायचं."

"कायबी न्हाई?"

"काहीच नाही."

तिला ते पटलं नाही. तिनं बापाकडं बघितलं, मग खात्री करायला माझ्याकडं. मी 'खरंच' म्हणून मान हलवली. मग ती डॉक्टरांच्या फिरत्या स्टुलावर चढली आणि पाय वर घेऊन गरागरा फिरायला लागली, आणि त्या खोलीत तिला कोणीच नीट बस म्हणालं नाही.